अकस्मात मृत्यूची नोंद

खानदेशातल्या कुठल्याही दैनिकाचं जिल्ह्याचं पान उघडलं की कोपऱ्यात एक वाक्य हमखास सापडतं : ‘याप्रकरणी पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद करण्यात आली आहे.’ कोणी विहिरीत तोल जाऊन पडलेला असतो, कोणाला पिकाला पाणी देताना मोटारीचा शॉक लागलेला असतो. कोणाला साप चावलेला असतो, तर कोणी तापीच्या डोहात पोहायला उतरून वर आलेलाच नसतो. शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्यालाही स्वतःचं पोलीस ठाणं आहे, आणि हे वाक्य तिथेही नवं नाही.

पण पहाटे उठून अंगणात चूळ भरता भरता छातीवर हात ठेवून खाली बसलेला आणि पुन्हा न उठलेला साठीचा शेतकरी या नोंदीत नसतो. ‘छातीमा कय उनी अन् गया,’ असं ओट्यावर जमलेली माणसं अहिराणीत एकमेकांना सांगतात, लांबच्या लेकीची वाट पाहिली जाते आणि दुपार कलायच्या आत अग्नी दिला जातो. त्यात पोलिसाचं काही काम नसतं. गंमत अशी, की डॉक्टरांच्या पुस्तकात ‘अकस्मात मृत्यू’ हे नाव नेमकं या मरणाला आहे. लक्षण सुरू झाल्यापासून तासाभराच्या आत, हृदयामुळे, ध्यानीमनी नसताना आलेला मृत्यू म्हणजे अकस्मात हृदयमृत्यू. शेवटचा क्षण कोणी पाहिलेला नसेल, तर माणूस धडधाकट दिसल्यापासून चोवीस तासांच्या आतला मृत्यू त्यात धरतात. सापाने किंवा विजेने मेलेल्याला डॉक्टर वेगळ्या खान्यात टाकतात. थोडक्यात, कायद्याचं अकस्मात आणि वैद्यकाचं अकस्मात यांची गाठ क्वचितच पडते.

मग असे मृत्यू साध्या वस्तीत होतात तरी किती? तालुक्याच्या गावात, बाजारपेठेत, यात्रेत जमलेल्या चारचौघांत? प्रश्न आकड्याचा वाटतो, पण त्याचं उत्तर प्रत्येक काळात एकाच गोष्टीवर अवलंबून राहिलेलं आहे. मृत्यू लिहिणाऱ्याच्या हातात वही कोणती होती आणि तिला रकाने किती होते, एवढ्यावर.

सारंगखेडा मोजामापीला नवखं गाव नाही. तापीच्या काठावर एकमुखी दत्ताचं मंदिर, मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंतीची यात्रा आणि यात्रेला जोडून घोड्यांचा बाजार. ही परंपरा तीनशे वर्षांहून जुनी असल्याचं गाव सांगतं. मारवाड, काठेवाड, पंजाबकडून घोडे येतात. पंचकल्याणी, नुकरा, अबलख अशी नावं हवेत फिरत असतात. घेणारा माणूस घोड्याचे दात बघतो, अंगावरचे भोवरे बघतो, रेवाल चालीवर त्याला मोकळ्या जागेत पळवून आणायला लावतो. मग परत आलेल्या जनावराच्या बरगड्या किती वेळ वरखाली होतात ते शांतपणे बघत राहतो. दम कसा आहे, हे बघायचं असतं. किती घोडे आले, किती विकले गेले, किती लाखांची उलाढाल झाली, याचा बाजार समितीचा आकडा दुसऱ्या दिवशीच्या पेपरात असतो. माणसाच्या छातीतल्या दमाची अशी मोजणी सुरू व्हायला मात्र फार काळ जावा लागला.

ती मोजणी पहिल्यांदा मनावर घेतली गेली ती रोममध्ये. १७०५-०६ च्या हिवाळ्यात त्या शहरात चालतीबोलती माणसं पटापट मरू लागली. लोक घाबरले. रस्त्यात, जेवणाच्या टेबलावर, प्रार्थनेत माणूस कोसळतो म्हणजे हवेत विष आहे की देवाचा कोप आहे, अशी चर्चा सुरू झाली. तेव्हाचा पोप अकरावा क्लेमेंट याने आपला वैद्य जोव्हानी मारिया लान्चिसी याला शोध घ्यायला सांगितलं. लान्चिसीने प्रेतं उघडून पाहिली आणि १७०७ साली अकस्मात मृत्यूंवर लॅटिनमध्ये पुस्तक छापलं. हवेत विष नव्हतं. अनेकांच्या हृदयात आणि रक्तवाहिन्यांत, तर काहींच्या मेंदूत जुना बिघाड होता. त्याच १७०७ साली इकडे अहमदनगरजवळ औरंगजेब मेला, आणि खानदेशचा सुभा मोगल फौजदार आणि मराठ्यांची चौथाई यांच्या ओढाताणीत सापडला. घोड्यांची मागणी त्या काळात मोठी असणार, हे सांगायला गॅझेटियर लागत नाही. माणसं किती मेली हे मात्र कोणी लिहीत नव्हतं. सरकारी कागदात जमीन होती, धारा होता, जनावर होतं, पण रयतेचं मरण नव्हतं.

आपल्याकडे हृदयाचं महत्त्व ठाऊक नव्हतं असं नाही. सुश्रुताने शरीरातली १०७ मर्मं सांगितली, त्यांत काहींना ‘सद्यःप्राणहर’ म्हटलं. इथे घाव बसला की प्राण लगोलग जातो. हृदय त्यातलंच एक. पण मर्म कुठे आहे हे ठाऊक असणं आणि ते किती जणांना दगा देतं हे ठाऊक असणं, या दोन वेगळ्या विद्या आहेत.

दुसऱ्या विद्येचा कारकुनी पाया इंग्रजांनी घातला. त्यांचा हेतू हृदयाशी संबंधित नव्हता. १८१८ मध्ये खानदेश कंपनीकडे आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला पहिला प्रमुख अधिकारी झाला. भिल्लांचं बंड, ओसाड गावं, सातपुड्याच्या पायथ्याची तापाची हवा, असा त्या काळचा खानदेश. पुढे १८६७ साली मुंबई इलाख्यात गावपोलिसांचा कायदा झाला. गावात कोणी अनैसर्गिक रीतीने किंवा अकस्मात मेला, वा बेवारशी प्रेत सापडलं, तर पोलीस पाटलाने लगेच गावातली दोन किंवा अधिक जाणती माणसं जमवून चौकशी करावी, असा दंडक त्यात होता. पेपरातल्या ‘अकस्मात मृत्यूच्या नोंदी’चं मूळ या जुन्या पाटीलकीत आहे. पाटलाने बघायचं ते एवढंच : यात कोणाचा हात आहे का? अंगावर जखम नाही, गळ्यावर वळ नाही, तोंडाला फेस नाही. मग पंच अंगठे उठवून मोकळे. कायद्याला खून शोधायचा होता. छातीत काय झालं हे त्याने विचारलंच नाही. आणि खरं तर पाटलाला विचारून उपयोगही नव्हता.

दुसरी वही जन्ममृत्यूची. जुन्या गाव नमुना नंबर १४ या नावाने ती महसुलाच्या दप्तरात ओळखली जाते. बोलीभाषेत तिला कोतवाल बुक म्हणतात. गावात कोण जन्मलं, कोण मेलं याची वर्दी कोतवालाने द्यायची आणि ती मोडी अक्षरात उतरवली जायची. गेल्या काही वर्षांत या वह्यांना अचानक भाव आला. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मोडी वाचणारी माणसं शोधून शोधून तहसील कचेऱ्यांत बसवावी लागली. नातवाच्या दाखल्यासाठी पणजोबाच्या मरणाच्या ओळीत जात काय लिहिली आहे, ते भिंगाखाली पाहिलं गेलं. त्याच ओळीत पणजोबा कशाने गेला तेही लिहिलेलं होतं. ते सहसा कोणी वाचत नाही.

वाचलं तर काय सापडतं? इंग्रजी अमदानीत मरणाची कारणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती : पटकी, देवी, ताप, हगवण-अतिसार, श्वासाचे विकार, इजा आणि ‘इतर कारणे’. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आल्यावर त्याचाही रकाना झाला. इजांच्या पोटात आत्महत्या आणि अपघात वेगळे दाखवायचे, शिवाय सर्पदंशाने किंवा हिंस्र जनावराने मेलेले वेगळे. म्हणजे वाघासाठी रकाना होता, हृदयासाठी नव्हता. ज्या मरणाचं कारण चटकन सांगता येईना ते ‘ताप’ किंवा ‘इतर’ या दोन पोत्यांत जात होतं. ‘ताप’ हे पोतं तर अवाढव्य होतं. मलेरिया, विषमज्वर, क्षय, बाळंतरोग, सगळं त्यात. खुद्द सरकारी आरोग्य अहवाल आणि जनगणनेचे अहवाल त्यावर नाक मुरडत राहिले. शहादा, तळोदा, नवापूर या पश्चिम पट्ट्यात हिवताप इतका होता, की ‘ताप’ लिहिणाऱ्या कोतवालाला कोणी खोटं ठरवू शकलं नसतं.

त्या काळात अकस्मात हृदयमृत्यू मुळातच कमी असणार, हेही कबूल करायला हवं. छप्पनच्या दुष्काळाने, म्हणजे संवत १९५६ च्या, खानदेशातली गावंच्या गावं झिजवली. मागोमाग प्लेग होताच. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझा आला आणि लोकांनी त्याला ‘मानमोडी’ असं अचूक नाव दिलं. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानातलं सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास घसरलं होतं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबीचा थर साचायला चाळीस-पन्नास वर्षं लागतात. तेवढं जगायलाच मिळत नसेल, तर हृदय दगा देण्याआधी बाकीचे दहा आजार दगा देऊन जातात. तरीही साठी गाठणारी माणसं गावोगाव होतीच. त्यांतली काही बसल्या जागी गेली असणार. त्यांचं मरण ‘सोन्यासारखं’ मानलं गेलं. कुणाला सेवा करावी लागली नाही, अंथरुणाला खिळला नाही, पुण्यवान आत्मा. मरण चांगलं ठरलं की कारण विचारायची गरज उरत नाही. वहीत ते ‘इतर’.

दोष एकट्या कोतवालाचा नव्हता, खुद्द डॉक्टरांनाही फारसं कळत नव्हतं. छातीत दाबल्यासारखं होऊन माणूस थांबतो आणि विसाव्याने बरा होतो, हे वर्णन लंडनच्या विल्यम हेबर्डनने १७६८ साली वाचून दाखवलं होतं. पण हृदयाच्या धमनीत गुठळी अडकली तरी माणूस काही काळ जगू शकतो आणि ते जिवंतपणी ओळखता येतं, हे शिकागोच्या जेम्स हेरिकने मांडलं ते १९१२ मध्ये. हृदयाचे विद्युतलेख काढण्याचं यंत्र नेदरलँड्सच्या आइंथोव्हेनने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बनवलं. त्याला नोबेल मिळालं १९२४ साली. शिकागोच्या डॉक्टरला १९१२ मध्ये जे नवं वाटत होतं, ते सारंगखेड्याच्या कोतवालाने लिहावं ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

मग शब्द आले. मराठी वर्तमानपत्रांच्या निधनवार्तांत कितीतरी वर्षं एक वाक्प्रयोग भारदस्तपणे नांदला : ‘हृदयक्रिया बंद पडून निधन’. ऐकायला शास्त्रीय, पण त्यातून काहीच कळत नाही. हृदयक्रिया कोणाची बंद पडत नाही? क्षयाने मरणाऱ्याची, बुडून मरणाऱ्याची, शंभरीतल्या आजीची, सगळ्यांचीच पडते. मृत्यूच्या दाखल्यावर मरण्याची रीत लिहू नका, मूळ आजार लिहा, असं जागतिक आरोग्य संघटना डॉक्टरांना आजही बजावत असते, ते याचसाठी. गावात त्याचं ‘हार्टफेल’ झालं. पुढे पेपरात ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’ आलं आणि बोलण्यात ‘अटॅक’. अहिराणी, गुजरी, भिल्ली, पावरी, बोली कुठलीही असो, अटॅक हा शब्द आता सगळीकडे चालतो.

आणि इथे जुनी गोष्ट उलटी झाली. आजोबांच्या काळात न कळलेलं प्रत्येक मरण ‘ताप’ होतं. नातवाच्या काळात न कळलेलं प्रत्येक मरण ‘अटॅक’ आहे. मेंदूत रक्तस्राव होऊन गेलेला, फुप्फुसात गुठळी अडकून गेलेला, औषध प्यायलेला पण घरच्यांना ते झाकायचं असलेला, फिट येऊन गेलेला आणि खरोखर हृदयाने गेलेला, असे सगळे एकाच पोत्यात. पोत्याचं नाव तेवढं बदललं.

हे निव्वळ खेड्यातल्या अज्ञानाचं लक्षण म्हणावं, तर तसंही नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात पोर्टलंड शहराचा मल्टनोमा परगणा आहे, लोकवस्ती साडेसहा लाखांवर. तिथे डॉ. सुमित चुघ आणि सहकाऱ्यांनी २००२ च्या फेब्रुवारीपासून वर्षभर प्रत्येक संशयित अकस्मात हृदयमृत्यूचा पाठपुरावा केला. रुग्णवाहिकेच्या नोंदी, शवविच्छेदन करणाऱ्यांचे कागद, रुग्णालयांची जुनी बाडं, सगळं जुळवलं. खरे ठरले ३५३, म्हणजे लाखामागे ५३. मग त्याच परगण्यातले त्याच काळातले नुसते मृत्यूचे दाखले नेहमीच्या पद्धतीने मोजले, तर आकडा आला १,००७, लाखामागे १५३. जवळजवळ तिप्पट! त्याआधीची कित्येक वर्षं अमेरिकेत दरसाल तीन-चार लाख लोक असे मरतात असं सांगितलं जात होतं, आणि त्या अंदाजांचा मोठा आधार दाखलेच होते. म्हाताऱ्या माणसाचा घरी मृत्यू झाला, डॉक्टरने आधी कधी तपासलेलं नाही, काहीतरी लिहायलाच हवं. अशा वेळी ‘हृदय’ लिहिणं पोर्टलंडमध्येही सोपंच होतं.

बाकीच्या देशांत जिथे असं काळजीपूर्वक मोजलं, तिथले आकडे या घरात खेळतात. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टच्या परिसरात १९९० च्या दशकात २० ते ७५ या वयातल्या लोकांत दरसाल हजारी एक. चीनमधल्या चार ठिकाणच्या पावणेसात लाखांवर लोकांत लाखामागे जवळपास ४२. मास्ट्रिख्टच्या हिशेबात मुलं धरलेली नाहीत, चीनच्या हिशेबात सगळी वयं आहेत. म्हणून हे आकडे शेजारी ठेवताना थोडं सबुरीने घ्यावं लागतं.

सारंगखेडा ज्यात येतं त्या नंदुरबार जिल्ह्यासाठी ढोबळ गणित मांडून पाहता येतं. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती. चीनचा दर लावला तर वर्षाला सातशेच्या आत-बाहेर. पोर्टलंडचा लावला तर पावणेनऊशे. म्हणजे दिवसाला दोन किंवा त्याहून थोडे जास्त. आदिवासी जिल्हा, तरुण लोकसंख्या, म्हणून खरा आकडा कमीही असेल. दहा हजार वस्तीच्या गावाला वर्षाला चार-पाच. गावाला हे पटेल का? पटेल. कारण प्रत्येकाला आपल्या आळीतले असे दोघे-तिघे आठवतात. आणि यात्रेचं गणित तर गमतीचं आहे. लाखभर माणसं एका ठिकाणी आठवडाभर राहिली, तर लाखामागे पन्नासच्या दराने त्यांतला सरासरी एक जण त्या आठवड्यात असा जाणारच. यात्रेत असो वा घरी. त्यात यात्रा मार्गशीर्षातली, तापीकाठची थंडी कडाक्याची. असे मृत्यू सकाळच्या वेळी जास्त होतात, हे अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या अभ्यासाने दाखवलेलं आहे. १९४८ पासून पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावाच्या हृदयाची वही लिहिणारा हा अभ्यास. तिथे सकाळी सात ते नऊ ही वेळ सगळ्यात वाईट ठरली. यात्रेत एखादा माणूस कोसळला की लगेच गर्दीला, धुळीला, नाहीतर कुणाच्या तरी नजरेला बोल लागतो. हिशेब मात्र म्हणतो, एवढ्या लोकांत असं कधीच झालं नसतं तर नवल.

भारतात नेमकी मोजणी करायची तर कागदावर भरवसा ठेवून भागत नाही. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. महाराष्ट्रातल्या खेड्यात निबंधक म्हणजे ग्रामसेवक. त्याच्याकडे मृत्यूची नोंद करायला आलेल्या मुलाला हवा असतो तो दाखला, आणि दाखल्यावरची तारीख. सातबाऱ्यावर वारस लावायचे असतात, बँकेतलं खातं बंद करायचं असतं, विम्याचे पैसे काढायचे असतात. कारणाची कोणाला गरज नसते, आणि ज्याची गरज नाही ते सरकारी कागदावर कधीच नीट लिहिलं जात नाही. २०२० साली देशभरात नोंदलेल्या मृत्यूंपैकी अवघ्या २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं. त्यांत रक्ताभिसरणाचे आजार सगळ्यात वर, जवळपास एक तृतीयांश. उरलेल्या साडेसत्त्याहत्तर टक्के मृत्यूंबाबत मात्र हा कागद काहीच सांगत नाही.

म्हणून दुसरी युक्ती निघाली. १९६० च्या दशकात प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या गावांत कर्मचाऱ्याने घरोघर जाऊन मृत्यूची लक्षणं विचारायची आणि त्यांवरून कारण ठरवायचं, अशी सरकारी योजना सुरू झाली. तिच्या अहवालांत वर्षानुवर्षं एक कारण ठाण मांडून होतं : ‘म्हातारपण’. हे ‘ताप’चंच चुलत भावंड म्हणायचं. पुढे २००१ पासून देशाच्या महानिबंधकांनी आणि टोरांटोच्या डॉ. प्रभात झा यांच्या गटाने दहा लाख मृत्यूंचा अभ्यास म्हणून जे काम केलं, त्यात हीच युक्ती फार शिस्तीने वापरली. डॉक्टर नसलेला, पण शिकवलेला माणूस मृताच्या घरी जातो. ओट्यावर बसतो, पाणी घेतो. मग विचारतो. शेवटचं जेवण कधी झालं? घाम आला होता का, कपडे भिजण्याइतका? कळ कुठे होती, छातीत की पोटात? हात दुखतो म्हणाले होते का, डावा की उजवा? बोलणं अडखळलं होतं का, तोंड वाकडं झालं होतं? बिडी? गोळ्या चालू होत्या का, डबी आहे का घरात? आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुखायला लागल्यापासून किती वेळ गेला? सून आठवून सांगते, ‘मी चहा टाकला होता. चहा उतू गेला, तेवढ्यात.’ तो तसंच लिहून घेतो, घरच्यांच्या शब्दांत. नंतर दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता ते वाचून कारण ठरवतात. चहाला आधण येण्याइतका वेळ ही वैद्यकीय माहिती ठरते.

अशाच चौकशीवरून आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण भागात अकस्मात हृदयमृत्यू मोजले गेले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकूण मृत्यूंतले १०.३ टक्के या जातीचे निघाले. म्हणजे गावात दहा तिरड्या उठल्या तर त्यांतली एक. मल्टनोमात हेच प्रमाण ५.६ टक्के होतं. आंध्रात अशा गेलेल्यांचं सरासरी वय साठीच्या आसपास. पोर्टलंडमध्ये सत्तरीच्या उंबरठ्यावर. या आठ-नऊ वर्षांच्या फरकात बरंच काही दडलेलं आहे. ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासातही दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, बाकीच्यांना जवळपास ५९ व्या. आणि हृदयरोग हा शहरातल्या शेटजींचा आजार, हा समज तर दहा लाख मृत्यूंच्या अभ्यासाने मोडीतच काढला. २००० ते २०१५ या काळात ३० ते ६९ वयातले हृदयधमनीविकाराचे मृत्यू खेड्यांत इतके वाढले, की त्यांनी शहरांना मागे टाकलं.

महाराष्ट्रात असं काम झालं ते गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने केलेलं. ८६ गावांत दोन वर्षांत झालेल्या १,५९९ मृत्यूंची घरोघर चौकशी करताना सगळ्यांत मोठं कारण निघालं ते पक्षाघात, १४.३ टक्के. आदिवासी भाग म्हणजे हिवताप आणि कुपोषण, एवढंच चित्र डोळ्यांसमोर असणाऱ्यांना हा धक्काच होता. नंदुरबारची ओळखही कुपोषणाच्या बातम्यांनीच झालेली आहे. या जिल्ह्यात सिकलसेलचं प्रमाणही मोठं. नुसता वाहक असलेला, एरवी ठणठणीत माणूस फार कष्टाच्या कवायतीत अचानक कोसळण्याचा धोका जास्त असतो, हे अमेरिकी सैन्यातल्या नव्या भरतीच्या अभ्यासात १९८७ साली दिसलं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या, डोंगर चढणाऱ्या सातपुड्यातल्या माणसांच्या संदर्भात हा प्रश्न कोणी खोलात जाऊन विचारायला हवा.

करोनानंतर आकड्यांना बाजूला सारून व्हिडिओ पुढे आले. गरब्यात फेर धरताना कोसळलेला तरुण, वरातीत नाचताना थबकलेला मामा, व्यायामशाळेत खाली बसलेला मुलगा. प्रत्येक चित्रफितीखाली एकच मजकूर : लसीमुळे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १८ ते ४५ वयाच्या, कारण न उमगलेल्या ७२९ अकस्मात मृत्यूंची तुलना २,९१६ जिवंत माणसांशी केली. ४७ मोठ्या रुग्णालयांतून ही माहिती गोळा झाली आणि अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लसीने धोका वाढल्याचं दिसलं नाही. वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्या होत्या : करोनाने रुग्णालयात दाखल व्हावं लागणं, घराण्यात असा मृत्यू आधी झालेला असणं, मृत्यूपूर्वीच्या दोन दिवसांत भरमसाट दारू किंवा अंगाबाहेरची मेहनत. चित्रफीत मात्र आजही फिरते. पूर्वी अशी मरणं घराच्या ओट्यापुरती राहत होती, आता ती प्रत्येकाच्या खिशात येऊन पडतात. त्यामुळे ती वाढली आहेत की फक्त दिसू लागली आहेत, हे मोबाइल पाहून ठरवता येत नाही.

मोजण्याइतकाच प्रश्न वाचवण्याचाही आहे. कोसळलेल्या माणसाच्या छातीवर दाब देत राहणं ही युक्ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कौवेनहोव्हेन, ज्यूड आणि निकरबोकर यांनी १९६० साली जगापुढे ठेवली. विजेच्या धक्क्याने हृदय ताळ्यावर आणायची युक्ती त्याच्या थोडी आधीची. दोन्हींना मिनिटांची भाषा कळते. काही केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घसरते. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ मध्ये आली, नंदुरबारला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२० मध्ये. सारंगखेड्याला निदान डांबरी रस्ता आणि तापीवरचा पूल तरी आहे. याच जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून रोग्याला बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली आणतात, आणि पेपरवाल्यांनी तिला ‘बांबुलन्स’ असं नावही देऊन टाकलं आहे. झोळी तासांच्या हिशेबात चालते.

घरी मेलेल्या माणसासाठी डॉक्टरने भरून द्यायचा कागद म्हणजे नमुना ४-अ. आधी लगेचचं कारण, मग त्यामागचं कारण, मग त्याच्याही मागचं, असं वरून खाली लिहीत जायचं असतं. प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाला एक अरुंद चौकट आहे : आजार सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंतचा अंदाजे काळ. मृत्यू अकस्मात होता की नव्हता, हे ठरतं ते या चौकटीतल्या आकड्यावर. चहा उतू जाण्याइतका वेळ तिथे मिनिटांत लिहायचा असतो. अनेकदा ती कोरीच राहते.